हरल्या दिवशी बोलायचं नाही

आमच्या घरात एक नियम आहे. बाबांचा लाडका फुटबॉल क्लब हरला की पुढची मॅच होईपर्यंत कुणीही बाबांना मोठी बातमी सांगायची नाही. मोठी म्हणजे लग्न, नोकरी, आजार, कुणाचं जाणं-येणं. जिंकलो तर सगळं माफ. त्या दिवशी घराला आग लावून आले असं सांगितलं तरी बाबा म्हणतील, बरं, आधी चहा टाक. बरोबरी झाली तर किरकोळ बातम्या चालतात. नळ गळतोय, मिक्सर जळला, इतपत.

नियम आईचा. त्याला कारण झाली आत्या. बाबांची ही थोरली बहीण सासर कायमचं सोडून, बॅग घेऊन आमच्या दारात उभी राहिली, तेव्हा क्लब नुकताच एक फायनल हरला होता. बाबांनी दार उघडलं, बहिणीकडे पाहिलं, बॅगेकडे पाहिलं आणि म्हणाले, "आजच सुचलं होय तुला?" आत्या आत आली ती आजतागायत इथेच आहे, पण पुढचे कित्येक महिने ती बाबांशी बोलायची ते भिंतीमार्फत. ‘भिंती, तुझ्या मालकाला सांग, ताट वाढलंय.’ या दोघांच्या मधे आई भरडून निघाली आणि शेवटी तिने फर्मान काढलं. हा माणूस वाईट नाही, पण हरल्या दिवशी तो माणसात नसतो. तेव्हा हरल्या दिवशी बोलायचं नाही. आई गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. नियम मात्र आम्ही तिघांनी तिच्यापेक्षा कडक पाळला.

बाबा शिलाई मशीन दुरुस्त करतात. घराची पुढची खोली हेच त्यांचं दुकान. क्लब हरला की ते तावातावाने एखादं मशीन उघडायचे, साफ करायचे, परत जोडायचे आणि शेवटी एक स्क्रू हातात उरायचा. तो खिशात टाकून ते मशीन बाजूला ठेवायचे. जुनी गिऱ्हाइकं आधी निकाल विचारायची आणि मगच मशीन न्यायला यायची. शिंपी लोक फुटबॉल बघतात ते खेळाच्या प्रेमाने, असा कुणाचा समज असेल तर आमच्या गल्लीत तरी तो चुकीचा आहे.

मला स्वतःला या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. मी दातांच्या लॅबमध्ये काम करते. डॉक्टर तोंडाचं माप पाठवतात, आम्ही त्यावरून साचा ओततो, मेणात एकेक दात बसवून बघतो आणि कवळी करून देतो. चांगलं काम आहे. पण मला बरीच वर्षं दुसरंच काही शिकायचं होतं. अपघातात किंवा आजारात कुणाचा कान जातो, कुणाचं नाक जातं. तो कान, ते नाक हुबेहूब करून देणारी माणसं असतात. त्वचेचा रंग, बारीक शिरा, सगळं. असं काम होतं ती लॅब समुद्रापलीकडे. लॅबच्या मॅडमनी माझं नाव तिथे सुचवलं, मी केलेले नमुने त्यांना आवडले आणि हंगाम सुरू व्हायच्या जरा आधी त्यांचा होकार आला. आधी शिकायचं, मग तिथेच नोकरी. हंगाम संपला की निघायचं. मी लगेच हो म्हणून मोकळी झाले आणि मग माझ्या लक्षात आलं की बाबांना सांगायचं राहिलंय.

दोन-चार वर्षांसाठी जाते, असं मी आत्याला सांगितलं. आत्या म्हणाली, तिकडे गेलेली माणसं दोन-चार वर्षांनी परत येतात ती लग्नाला, आणि तीही दुसऱ्याच्या. मला ते माहीत होतं. बाबांनाही कळणार होतं. आई गेल्यापासून त्यांचं जग म्हणजे मशीन, क्लब आणि मी, याच क्रमाने असं मी चिडवायचे, पण क्रम तसा नव्हता हे आम्हा दोघांना ठाऊक होतं. ते म्हणाले असते, नको जाऊस, तर मी गेले नसते. हाच तर घोर होता. म्हणून ठरवलं, क्लब पहिल्यांदा जिंकेल त्या दिवशी सांगायचं. गेल्या वर्षी आमचा क्लब वरच्या चारांत होता. एक मॅच जिंकायला असा कितीसा वेळ लागतो?

पहिली मॅच बाहेरच्या मैदानावर होती. मी बाबांच्या शेजारी टीव्हीसमोर जाऊन बसले, तेव्हा त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का पाहिलं. क्लब हरला. बाबा उठले, पुढच्या खोलीत गेले, एक मशीन उघडलं. मी दारातून बघत होते. त्यांनी ते पुसलं, तेल घातलं, जोडलं. हातात एकही स्क्रू उरला नाही. मला तेव्हाच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, पण काय ते कळेना.

त्यानंतर क्लब जो हरत सुटला, त्याला तोड नाही. पेनल्टी मिळाली तर आमचा माणूस ती आकाशात मारायचा. गोलकीपरच्या हातात तेल लावल्यासारखा चेंडू निसटायचा. डावीकडचा बचावपटू तर बहुतेक समोरच्या संघाच्या पगारावर होता. कोच काठावर हाताची घडी घालून असा उभा राहायचा, जणू त्याची बस चुकलीय. मी आता बाबांबरोबर मैदानावरही जाऊ लागले. ऑफसाइड म्हणजे काय ते मला कळलं, आणि कळल्यापासून माझी झोप उडाली. माझी नोकरी, माझं तिकीट, माझं अख्खं पुढचं आयुष्य या अकरा ढेपाळलेल्या पोरांच्या पायांत अडकलं होतं आणि त्यांना साधा पास देता येत नव्हता. मी ओरडायला लागले. मी, जिचा आवाज लॅबमध्ये कधी शेजारच्या टेबलापर्यंत जात नाही. आमच्या बाजूला बसणारे ड्रायव्हरकाका, म्हणजे बाबांचे जुने दोस्त, जन्मभर बस चालवून निवृत्त झालेले, एकदा मला म्हणाले की पोरी, मी भर गर्दीत बस घातली पण असे शब्द वापरले नाहीत. लॅबमध्ये माझं लक्ष लागेना. एका आजोबांच्या कवळीत मी एक दात जास्तीचा बसवला. मॅडमनी ती माझ्यासमोर धरली, एकेक दात मोजला आणि परत दिली.

आणि बाबा? बाबा शांत. शांत म्हणजे अगदी देवमाणूस. मी उभी राहून रेफरीच्या सात पिढ्यांचा उद्धार करतेय आणि ते माझा दंड धरून सांगतायत, बस खाली, खेळ आहे, हार-जीत चालायचीच. हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकून ड्रायव्हरकाकांनी हातातला चहा सांडला. मशीन वेळच्या वेळी दुरुस्त होऊन जात होती. गिऱ्हाइकं निकाल न विचारता येऊ लागली. घरी ते आत्याला भाजी चिरून देऊ लागले. आत्या मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाळ्याचं काहीतरी बिनसलंय. तो एवढा गोड कधी नव्हता, पाळण्यातही नव्हता."

मी त्यांना बळेच डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब गेल्या वर्षीपेक्षा बरा आहे, काय करता तेच करत राहा. मग मला शंका आली की बाबा चोरून सट्टा तर लावत नाहीत, समोरच्या संघावर. ड्रायव्हरकाकांना विचारलं तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मलाच लाज वाटली. मग वाटलं, क्लब बदलला की काय. आत्या म्हणाली, या वयात माणूस एक वेळ घर बदलेल, धर्म बदलेल, क्लब नाही बदलणार. मग राहिलं काय? माझं डोकं चालेना.

एकदा बरोबरी झाली. एकही गोल नाही, दोन्हीकडची माणसं नुसती इकडून तिकडे पळाली. पण बरोबरी म्हणजे किरकोळ बातमी चालते. मी विचार केला, मोठी बातमी किरकोळ करून सांगावी. चहाच्या वेळी मी अगदी सहज म्हटलं, लॅबमध्ये माझ्या कामात थोडा बदल होणार आहे. बाबा कपात बघत म्हणाले, बदल चांगलाच असतो, आमच्या कोचला कुणीतरी सांगा, त्या डाव्या बचावपटूला तो बदलतच नाही. आणि मग ते बचावपटूवर इतका वेळ बोलले की चहा निवला. मी पुन्हा तोंड उघडलं, तर म्हणाले, तो नळ बघून येतो जरा. नळ गळत नव्हता.

आत्याने तर माझी सालटीच काढली. "तुला सांगायचंय की नाही, ते आधी ठरव. नाचता येईना अंगण वाकडं. क्लबच्या गळ्यात कशाला बांधतेस?" मी म्हटलं, नियम आईचा आहे. आत्या म्हणाली, तुझ्या आईने तो माझ्यासाठी केला होता, तुला लपायला नाही. बाबांना दिसू नये म्हणून माझी सूटकेस तिच्याच पलंगाखाली ठेवली होती, त्यामुळे मला जास्त बोलताही येईना.

मग ती मॅच आली, जिच्यात आम्ही दोन गोलांनी पुढे होतो. अख्खा स्टँड नाचत होता. माझं वाक्य तयार होतं. बाबा, मला फार चांगलं काम मिळालंय, पण लांब आहे. मी ते मनात घोकत होते. एक क्षण असं वाटून गेलं की हे जिंकले नाहीत तर बरं. माझी मीच चमकले. आणि जणू माझंच ऐकून आमच्या गोलकीपरने एक सोडला. मग दुसरा. आणि अगदी शेवटी तिसरा. मी कोचला उद्देशून काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पुढच्या रांगेतल्या बाईने मुलीच्या कानांवर हात ठेवले. मी रागाने बाबांकडे वळले, आता तरी काही बोला म्हणून, तर बाबा डोळे मिटून बसले होते आणि त्यांचे खांदे सैल पडले होते. दिवसभर उभ्याने प्रवास केलेल्या माणसाला अखेर बसायला जागा मिळावी, तसे ते दिसत होते. मग त्यांनी डोळे उघडले, मला शेंगदाणे घेऊन दिले आणि म्हणाले, चला घरी. त्या दिवशी मला त्यांची भीतीच वाटली.

पुढे लोकांनी कोच हटाव म्हणून एक मोठं कापड आणलं. त्यावर सगळ्यांनी सह्या करायच्या आणि ते मैदानावर फडकवायचं. ड्रायव्हरकाकांनी पहिली सही केली आणि पेन बाबांपुढे धरलं. बाबा म्हणाले, असू दे बिचारा, करतोय त्याच्या परीने. काकांना आधी वाटलं चेष्टा आहे. मग त्यांचा चेहरा पडला. लहानपणापासून दोघं एकाच बाकावर बसून हा क्लब बघत आले होते, आणि काका उठून चार रांगा खाली जाऊन बसले. बाबांनी त्यांच्या पाठीकडे बराच वेळ पाहिलं, पण सही केली नाही. मी विचारलं, का असं करताय? ते म्हणाले, "मलाही नीट सांगता येत नाहीये गं." हे तरी खरं वाटलं.

क्लब खालच्या गटात घसरणार हे नक्की झालं. उरली शेवटची मॅच, आमच्याच मैदानावर, भर दुपारची. पुढच्या आठवड्यात मी निघणार होते. त्या दिवशी सकाळी आत्याने सूटकेस पलंगाखालून ओढून खोलीच्या मधोमध ठेवली आणि मला बजावलं की आज क्लब जिंको नाहीतर खड्ड्यात जावो, संध्याकाळी तू सांगितलं नाहीस तर मी सांगणार. मी मान डोलावली. बाबांनी जर्सी घातली, तीही उलटी. मी सांगितल्यावर त्यांनी ती काढून सुलट घातली आणि आम्ही निघालो.

समोरचा संघ लीग जिंकून बसला होता. त्यांनी राखीव पोरं उतरवली होती आणि ती पोरंही उन्हाला कंटाळली होती. स्टँड अर्धा रिकामा. मी त्या दिवशी ओरडले नाही. माझ्यात त्राणच नव्हतं. संध्याकाळी घरी काय होईल, बाबा काय म्हणतील, नको जाऊस म्हणाले तर काय करायचं, आणि जा म्हणाले तर मला ते खरंच हवंय का, हेच डोक्यात फिरत होतं. खेळ संपत आला होता. आम्हाला एक कॉर्नर मिळाला. चेंडू आला, गर्दीत कुणाकुणाला लागला आणि त्या डाव्या बचावपटूच्या, वर्षभर मी ज्याला शिव्या घातल्या त्याच्या, गुडघ्याला आपटून आत गेला. त्यालाही आधी कळलं नाही.

मग काय झालं ते सांगता येत नाही. खालच्या गटात गेलेला क्लब एका गोलासाठी असा वेडा होताना मी पाहिला नव्हता. ड्रायव्हरकाका चार रांगा चढून धापा टाकत आले आणि बाबांना मिठी मारून रडायला लागले. बाबांनी त्यांची पाठ थोपटली. मग काका दुसऱ्या कुणाला मिठी मारायला गेले आणि बाबा खाली बसले. एवढ्या स्टँडमध्ये बसलेला माणूस तेवढा एकच.

मी त्यांच्या शेजारी बसले. म्हटलं, "बाबा, जिंकतोय आपण."

"हो," ते म्हणाले. "दिसतंय."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते आनंदाचं नव्हतं. मी त्यांच्या हातावर हात ठेवला. ते मैदानाकडेच बघत होते.

"तुझ्या लॅबच्या मॅडम मशीन दाखवायला आल्या होत्या," ते म्हणाले. "हंगाम सुरू व्हायच्या आधी. दारातूनच अभिनंदन म्हणाल्या. मी म्हटलं, थँक यू."

आजूबाजूला लोक बाकांवर उभे राहून गात होते. मला आधी वाटलं मी नीट ऐकलं नाही. मग वर्षभराचं सगळं एकदम अंगावर आलं. तो न गळणारा नळ, ते शेंगदाणे, ती न केलेली सही.

"तुम्हाला सगळं माहीत होतं?"

"म्हटलं, जिंकल्यावर सांगेल पोर. पहिली मॅच हरलो. घरी येऊन मशीन उघडलं, आणि बघतो तर मला वाईटच वाटेना. म्हटलं, मला काहीतरी होतंय. दुसरी हरलो तेव्हा कळलं की मला बरं वाटतंय. अजून एक आठवडा मिळाला." जर्सीची कड त्यांनी मुठीत धरली होती. "जन्मभर या क्लबसाठी घसा फोडला गं मी. आणि वर्षभर इथे बसून मनात म्हणत होतो, हरा. कुणाला सांगणार असलं?"

मला हसू यावं की रडू, तेच कळेना. त्या तीन गोलांच्या मॅचला माझ्याही मनात तेच आलं होतं, हे त्यांना सांगावंसं वाटलं. त्याहून जास्त, मी जात नाही असं म्हणून टाकावंसं वाटलं, अगदी ओठांवर आलं. "बाबा, मी—"

त्यांनी हात वर केला. "थांब. अजून शिट्टी झालेली नाही."

मग आम्ही दोघं मैदानाकडे बघत बसलो. समोरची राखीव पोरं जागी झाली होती आणि आमच्या गोलसमोर नुसती झुंबड उडाली होती. लोक देवाचा धावा करत होते. मी काय मागावं ते मला ठरवता येईना. बाबांनी माझा हात धरला होता आणि चेंडू आमच्या गोलजवळ आला की ती पकड घट्ट व्हायची, पण कोणत्या बाजूने, ते मी ओळखू शकले नाही. शेवटी एक चेंडू उंच आला. आमच्या गोलकीपरने, वर्षभर हातातून सगळं सांडणाऱ्या त्या माणसाने, उडी मारून तो धरला आणि छातीशी कवटाळून जमिनीवर पडून राहिला. रेफरीने शिट्टी वाजवली.

टोप्या उडाल्या, लोक कुंपणावर चढले. बाबा उठले. त्यांनी जर्सीने तोंड पुसलं, केसांवरून हात फिरवला आणि पुन्हा खाली बसले, या वेळी मैदानाकडे पाठ करून, पूर्ण माझ्याकडे वळून.

"हं," ते म्हणाले. "जिंकलो. आता सांग."

मी सांगितलं. पहिल्यापासून सांगितलं, कोणती लॅब, काय शिकवणार, कान कसा करतात, नाक कसं करतात. त्यांनी मधे एकदाही थांबवलं नाही, माहीत आहे म्हणाले नाहीत. माझं संपेपर्यंत त्यांनी चेहरा असा ठेवला, जणू यातला शब्दही त्यांच्या कानांवर कधी आला नव्हता.

"अरे वा," बाबा म्हणाले. "आणि निघायचं कधी?"